स्कॉटलंडच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र: पिक्ट शिळांसाठी अर्धा दिवस ठेवा

सप्रेम नमस्कार.

मे-जून आला की तुमच्या बस एडिनबराहून उत्तरेकडे निघतात. किल्ला, रॉयल माइल, लॉक नेसमधली बोटीची फेरी, एखादी व्हिस्की डिस्टिलरी, ग्लेनको. बहुतेक माहितीपत्रकांत हीच यादी असते. काही संस्था ग्लाम्झ कॅसलही दाखवतात आणि त्यासाठी अँगस परगण्यात शिरतात. पर्थकडून ग्लाम्झला जाणाऱ्या त्या ए-९४ रस्त्यावरच मीगल नावाचं गाव लागतं. तिथल्या जुन्या शाळेच्या इमारतीत सव्वीस कोरीव शिळा मांडून ठेवल्या आहेत, साधारण बाराशे वर्षांपूर्वीच्या. थोडं पुढे ईसी गावाच्या पडक्या चर्चमध्ये आणखी एक आहे. ग्लाम्झच्या पलीकडे फॉरफर, आणि फॉरफरहून दहाएक किलोमीटरवर ॲबरलेम्नो. तिथे चार शिळा उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, तीन रस्त्याच्या कडेला आणि एक चर्चच्या आवारात. बस यातल्या एकाही ठिकाणी थांबत नाही.

मी डंडीत राहतो. भारतातून आलेले नातेवाईक, मित्र आणि त्यांच्या ओळखीचे लोक यांना मी या शिळा दाखवायला नेतो. त्यातले कित्येक जण आधी तुमच्याबरोबर स्कॉटलंड करून गेलेले असतात. ॲबरलेम्नोला उभे राहिल्यावर सगळ्यांचा प्रश्न ठरलेला: "आम्हाला हे दाखवलं का नाही?" तो प्रश्न तुमच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी हे पत्र. मागणी एकच आहे. सहलीत पिक्ट लोकांच्या शिळांसाठी अर्धा दिवस ठेवा, आणि त्या समजावून सांगणारा माणूस सोबत द्या.

पिक्ट म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगतो, कारण सहलीत त्यांचा उल्लेख झालाच तर 'अंग रंगवणारे रानटी लोक' एवढ्यावर संपतो. रोमन लिखाणात हे नाव पहिल्यांदा इ.स. २९७ मध्ये येतं. फोर्थच्या खाडीच्या उत्तरेला, मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडे त्यांची राज्यं होती, आणि नवव्या शतकाच्या अखेरीस ती अल्बा या नव्या राज्यात विरून गेली. त्यांची भाषा वेल्शच्या जवळची होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजांच्या नावांच्या याद्या उरल्या आहेत, पण त्या भाषेतला एकही ग्रंथ उरलेला नाही. त्यांच्याविषयी लिहून ठेवलं ते शेजाऱ्यांनी, आणि ते शेजारी बऱ्याचदा शत्रूच होते. म्हणून या शिळांना इतकं मोल आहे. त्यांत कोणी दुसऱ्याने पिक्ट लोकांविषयी काही सांगितलेलं नाही, त्यांचं म्हणणं त्यांनी स्वतः कोरलंय.

१९०३ साली जोसेफ अँडरसन आणि रोमिली ॲलन या दोघांनी या शिळांची मोठी नोंद छापली आणि त्यांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात न घडवलेल्या दगडांवर नुसती चिन्हं कोरलेली असतात: साप, मासा, अर्धचंद्र आणि त्यावर मोडलेला बाण, जोडचकती (एकमेकींना जोडलेल्या दोन चकत्या), आरसा आणि कंगवा, आणि लांब तोंडाचा, कुठल्याच खऱ्या जनावराशी न जुळणारा एक प्राणी. दुसऱ्या वर्गात दगड तासून सपाट केलेला असतो, एका बाजूला उठावातला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला तीच जुनी चिन्हं, शिवाय शिकारीची, लढाईची किंवा बायबलातली दृश्यं. तिसऱ्या वर्गात क्रूस राहतो आणि चिन्हं गळून जातात. वर्गवारी आता जुनी झाली, तिच्यावर आक्षेपही आहेत, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो. चिन्हांचा अर्थ अजून पक्का लागलेला नाही. ती जोडीजोडीने येतात, त्यामुळे ती माणसांची नावं असावीत असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. ॲबरलेम्नोत पहिला आणि दुसरा वर्ग रस्त्याकडेलाच शेजारी दिसतात. एका दगडावर साप, जोडचकती, आरसा आणि कंगवा. जवळच माणसापेक्षा कितीतरी उंच, सुमारे पावणेतीन मीटरची क्रूसशिळा. तिच्या क्रूसाच्या दोन्ही बाजूंना पुस्तक हातात धरून मान लववलेले देवदूत, आणि मागे भरगच्च शिकार. असा योग एका थांब्यात दुसरीकडे मिळणं कठीण.

पण मला लिहायचंय ते चर्चच्या आवारातल्या शिळेविषयी.

ती जेमतेम सव्वादोन मीटर उंच आहे. पुढच्या बाजूला वेलबुट्टीने गच्च भरलेला क्रूस आणि त्याच्या अंगाने एकमेकांत गुंतलेली जनावरं. मागे वळलं की वर दोन मोठी चिन्हं आणि त्यांच्या खाली तीन ओळींत एक लढाई. वरच्या ओळीत दोन घोडेस्वार. मोकळ्या केसांचा स्वार पाठलाग करतोय आणि शिरस्त्राण घातलेला पळतोय. पळणाऱ्याची ढाल आणि तलवार हातातून सुटून खाली पडली आहेत. मधल्या ओळीत शिरस्त्राणवाला घोडेस्वार चालून येतोय आणि समोर तीन पायदळ सैनिक उभे आहेत. पहिल्याच्या हातात तलवार आणि फुगीर ढाल. दुसरा त्याच्या मागे, पण त्याचा लांब भाला पहिल्याच्या ढालीच्या पुढे निघालेला. तिसरा भाला खांद्याला लावून मागे राखीव. घोडदळाला पायदळाने कसं अडवायचं हे तीन माणसांत दाखवलंय. शिळा कोरणाऱ्याने लढाई पाहिली होती, निदान पाहिलेल्याकडून नीट ऐकली होती, असं मला दर वेळी वाटतं. तळाच्या ओळीत दोन घोडेस्वार समोरासमोर, आणि उजव्या कोपऱ्यात एक माणूस कोसळलेला. एक पक्षी त्याच्या मानेजवळ चोच मारतोय.

कऱ्हाडकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर आले होते. त्यांनी ही शिळा खालून वर वाचायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं नाही. आपल्याकडे वीरगळ असाच वाचतात: खाली लढाई आणि पडलेला वीर, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. वर पोहोचल्यावर ते म्हणाले, "अहो, इथे पडलेला माणूस वर गेलाच नाही." अगदी खरं. वीरगळ हरलेल्याचा, मेलेल्याचा मान राखतो. इथे पडलेला माणूस बहुधा शत्रूपक्षाचा आहे, त्याला पक्ष्याच्या स्वाधीन केलंय, आणि जिंकणाऱ्यांचा क्रूस पलीकडच्या बाजूला आहे. दोन परंपरांचा काही संबंध नाही, आणि तुमच्या मार्गदर्शकांनी तसा तो जोडूही नये. मात्र पट्ट्यांत कोरलेली दगडी लढाई वाचायची सवय असलेला प्रेक्षक तुमच्या बसमध्ये आधीच बसलेला आहे. दुसऱ्या कुठल्या देशाच्या पर्यटकाला जे शिकवावं लागेल ते आपल्या लोकांना गावच्या देवळासमोर उभं राहून लहानपणीच आलेलं असतं.

आता मार्गदर्शकांसाठी एक विनंती. ही शिळा म्हणजे २० मे ६८५ ला झालेल्या डन नेख्तनच्या लढाईचं चित्र, असं छातीठोक सांगू नका. त्या दिवशी पिक्ट राजा ब्रिडेई याने दक्षिणेकडच्या नॉर्थम्ब्रिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा एग्फ्रिथ याला ठार मारलं आणि नॉर्थम्ब्रियाचा उत्तरेकडचा विस्तार थांबला, हे पक्कं आहे. आठव्या शतकातल्या बीड या इंग्रज भिक्षू-इतिहासकाराने लिहिलंय की एग्फ्रिथ सल्लागारांचं न ऐकता सैन्य घेऊन गेला आणि माघारीचं सोंग करणाऱ्या शत्रूने त्याला डोंगरातल्या अडचणीच्या जागी ओढून नेलं. ही जागा फॉरफरजवळचं डनिखन, असं फार काळ मानत आले. तिथून ॲबरलेम्नो जवळ, त्यामुळे शिळेशी लढाई जोडली गेली. शिळेवरची नाक झाकणारी शिरस्त्राणं १९८२ साली यॉर्कमध्ये सापडलेल्या नॉर्थम्ब्रियन शिरस्त्राणासारखी दिसतात, त्यामुळे ती समजूत आणखी घट्ट झाली. पण शिळा लढाईच्या बरीच नंतरची मानली जाते, आणि २००६ साली ॲलेक्स वुल्फ या इतिहासकाराने बीडच्या डोंगरी वर्णनावर बोट ठेवून लढाईची जागा दूर उत्तरेला, बाडेनॉखमधलं डनॅख्टन, असावी असं मांडलं. एवढं सगळं पाच मिनिटांत सांगता येतं. आणि खरं सांगायचं तर ठाम गोष्टीपेक्षा हा वाद ऐकताना लोक जास्त रमतात. शिळेजवळ जाऊन शिरस्त्राणं तपासू लागतात.

गोष्ट इथे थांबत नाही, म्हणून मी सगळ्यांना पुढचाही भाग सांगतो. एग्फ्रिथला मारल्यानंतर साधारण पंचवीस वर्षांनी, ७१० च्या सुमारास, पिक्ट राजा नेख्तन याने त्याच नॉर्थम्ब्रियातल्या मठाधिपतीला, केओल्फ्रिथला, निरोप पाठवला: रोमन पद्धतीचं दगडी चर्च बांधायचंय, कारागीर पाठवा. हेही बीडनेच नोंदवलंय. पुढच्या शतकात पिक्ट क्रूसशिळांवर जी गुंतागुंतीची वेलबुट्टी आणि एकमेकांना चावणारी जनावरं दिसतात, त्यांचं नातं नॉर्थम्ब्रिया आणि आयर्लंडच्या मठांतल्या रंगवलेल्या हस्तलिखितांशी आहे. कालच्या शत्रूकडून कला घेतली, आणि तिच्या पाठीवर आपली जुनी चिन्हं तशीच ठेवली. ज्या लोकांना तुमच्या माहितीपत्रकात अर्धं वाक्यही मिळत नाही, त्यांचं राज्य कसं चालत होतं, कुणाशी त्यांची देवाणघेवाण होती, हे त्या एका दगडाच्या दोन बाजूंत दिसतं.

मीगलला एक तास पुरेल. तिथल्या सर्वांत मोठ्या शिळेवर, अडीच मीटर उंचीच्या, मागच्या बाजूला झगा घातलेला एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सिंह आहेत. हा बायबलातला सिंहांच्या गुहेतला डॅनियल. गावातली जुनी समजूत मात्र अशी की ही राजा आर्थरची राणी व्हनोरा, तिला जनावरांकडून फाडून मारण्याची शिक्षा झाली. लोककथा म्हणून ती जरूर सांगा, चर्चच्या आवारात व्हनोराचं टेकाडही दाखवा. फक्त इतिहास म्हणून सांगू नका. मीगलची दुसरी गोष्ट कडू आहे. १८६९ मध्ये इथलं चर्च जळालं आणि त्यात काही शिळा कायमच्या गेल्या. त्यातल्या एकीवर घोड्यांच्या गाडीत बसून जाणारी माणसं होती. आता फक्त आगीआधी काढलेलं तिचं चित्र उरलंय.

अर्ब्रोथजवळच्या सेंट व्हिजन्सला दुसरं संग्रहालय आहे. तिथल्या ड्रॉस्टन शिळेच्या कडेवर लॅटिन लिपीत नावं कोरलेली आहेत, ड्रॉस्टन, व्होरेट, फोरकस. पिक्ट शिळांमध्ये असा लेख फारच विरळा. याच शिळेच्या मागे खाली बसून रानडुकरावर आडवं धनुष्य रोखलेला शिकारी आहे. संग्रहालय रोज उघडं नसतं, आधी चौकशी करूनच जा. आणि अर्ब्रोथला गेलातच तर मासे खाणाऱ्यांना तिथली स्मोकी खाऊ घाला: हॅडॉक मासा जोडीने बांधून लाकडाच्या धुरावर शिजवतात. मासेखाऊ कोकणी मंडळी शिळा विसरतील एक वेळ, स्मोकी नाही. फॉरफरच्या ब्रायडी या सारण भरलेल्या पेस्ट्रीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवा, तिच्यात गोमांस असतं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, वेळ नाही, अँगसमध्ये शिरताच येत नाही. ठीक. मग एडिनबरात तर तुम्ही राहताच. चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियममध्ये प्रवेश फुकट आहे, आणि तिथे हिल्टन ऑफ कॅडबॉलची शिळा आहे, इ.स. ८०० च्या सुमाराची. शिकारीला निघालेली एक स्त्री घोड्यावर एका बाजूला पाय टाकून, तोंड सरळ आपल्याकडे करून बसली आहे. जवळ आरसा आणि कंगवा, मागे तुताऱ्या फुंकणारे, खाली कुत्रे आणि हरिणं. त्या काळातली इतकी ठसठशीत, अधिकाराने बसलेली स्त्री दगडात फार कमी ठिकाणी भेटते. या शिळेची दुसरी बाजू बघायला लोकांना जरूर सांगा. तिथला क्रूस छिलून काढलाय आणि १६७६ सालचा एका गृहस्थाचा व त्याच्या तीन बायकांचा मृत्युलेख कोरलाय. १९२१ मध्ये मालकाने ही शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिली. स्कॉटलंडमध्ये इतकी ओरड झाली की ती स्कॉटलंडला परत आणून एडिनबरात ठेवावी लागली. तिचं मूळ गाव मात्र आणखी उत्तरेला, समुद्रकाठी आहे. तिथे बॅरी ग्रोव्ह या शिल्पकाराने घडवलेली प्रतिकृती २००० साली उभी राहिली, आणि २००१ च्या उत्खननात जुन्या शिळेचा तळचा भाग आणि छिललेल्या क्रूसाचे हजारो तुकडे सापडले. तो तळचा भाग गावकऱ्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतला. तो जवळच्या बॅलिनटोर गावच्या सभागृहात आहे. इनव्हरनेसला मुक्काम करणाऱ्या सहलींनी तो थांबा विचारात घ्यावा.

या शिळा अजूनही सापडतायत. २०२० च्या सुरुवातीला ॲबरलेम्नोच्याच एका शेतात ॲबर्डीन विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाला १.७ मीटर लांबीची चिन्हशिळा सापडली. कुणीतरी ती नंतरच्या काळात, अकराव्या-बाराव्या शतकातल्या इमारतीच्या फरशीत वापरून टाकली होती.

आता सोयीच्या गोष्टी. ॲबरलेम्नोच्या शिळांना ऑक्टोबर ते एप्रिल लाकडी पेट्यांनी झाकतात. दगड वालुकाश्माचा आहे. त्यात पाणी मुरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि पापुद्रे सुटतात. रस्त्याकडेच्या तीनपैकी एकीवरचं काम जवळजवळ पुसलंच आहे. दिवाळीच्या सुट्टीतल्या सहली तिथे नेल्यात तर लाकूड बघायला मिळेल. मे ते सप्टेंबर उत्तम, आणि तुमचा मुख्य हंगाम तोच आहे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी न्या. उन्हाळ्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ग्लाम्झ आटोपून ॲबरलेम्नोला पोहोचलात तरी चालतं. एका वेळी पन्नास माणसं चर्चच्या आवारात सोडू नका. ती वापरातली दफनभूमी आहे, लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायला येतात. गट दोन करा, एक रस्त्याकडेला, एक आवारात, मग अदलाबदल. शिळेला हात लावू द्यायचा नाही. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवायचा नाही. आणि भाविकपणे कुणी कुंकू-फुलं वाहायला पुढे झालं तर प्रेमाने थांबवा, त्या रंगाने दगडाचं नुकसान होतं.

एक गोष्ट आणखी, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. आपल्या लेण्यांचा अभ्यास करून १८८० साली त्यांच्यावरचा मोठा ग्रंथ ज्या दोघांनी छापला, ते जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस, दोघंही स्कॉटिश. मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास लिहिणारा साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ हा याच ईशान्य स्कॉटलंडातला, बान्फचा. त्यांच्या लिखाणाशी आपली भांडणं आहेत आणि ती योग्यच आहेत. पण ते लोक आपल्या दगडांपाशी थांबले, मोजमापं घेतली, रेखाटनं केली, कागदपत्रं चाळली. आज वर्षागणिक मराठी माणसं त्यांच्या देशात येतायत, शिकलेली, वाचणारी, गड-लेणी पायी हिंडलेली. त्यांना इथल्या दगडांपाशी वीस मिनिटंही न थांबवता पुढे नेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मार्गदर्शकांसाठी ॲबरलेम्नो, मीगल आणि हिल्टनच्या शिळेची मराठी टिपणं मी लिहून देईन, विनामूल्य, ज्या संस्थेला हवी तिला. पहिल्या सहलीसोबत स्वतः येऊन उभाही राहीन. पुढच्या उन्हाळ्याचे कार्यक्रम ठरवायला बसाल तेव्हा ग्लाम्झच्या दिवसात ही दोन नावं लिहा: मीगल, सकाळी एक तास, ॲबरलेम्नो, संध्याकाळी दीड तास.

आपला,
डंडीत राहणारा एक मराठी वाटाड्या